फॉरमॅट मारण्याआधी हे बघा

"ताई, फॉरमॅट मारून द्या." काउंटरवर सीपीयू ठेवता ठेवताच बहुतेकांचं हे वाक्य ठरलेलं. दुखणं सांगायच्या आधीच औषध. मी म्हणते, होतं काय ते तर सांगा. मग कळतं, "चालू करता करता बंद पडून राह्यला जी," किंवा "निळा पडदा येते आन् जाते," किंवा नुसतंच "लय हँग मारते."

माझं दुकान राळेगाव तालुक्यातल्या एका बाजाराच्या गावात आहे. पुढे झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म, मागे पडद्याआड एक टेबल, त्यावर रिपेअरिंग. सुरुवातीची दोन वर्षं मीही मुकाट्याने फॉरमॅट मारून द्यायची. एका जिनिंगच्या ऑफिसचा पीसी मी एकाच सीझनमध्ये तीनदा फॉरमॅट केला. दर वेळी आठ-दहा दिवस नीट चालायचा, पुन्हा निळा पडदा. चौथ्यांदा त्यांचा मुनीम आला तेव्हा पाकीट घरीच ठेवून आला होता, आणि त्याचं काही चुकलं नव्हतं. रॅमची एक पट्टी खराब होती. विंडोज तिन्ही वेळा बिनगुन्ह्याचं पुसलं गेलं.

तेव्हापासून आकडा दिसल्याशिवाय मी पार्ट बदलत नाही, आणि पार्ट तपासल्याशिवाय फॉरमॅट मारत नाही. आकडा दाखवणारी सॉफ्टवेअरं फुकट आहेत. मी ज्या क्रमाने तपासते त्याच क्रमाने इथे लिहिते.

आधी विंडोजला बाजूला काढा

पहिल्या चाचणीला काहीच डाउनलोड करावं लागत नाही. मशीन सुरू करताना डिलीट किंवा एफ-२ दाबत राहा, बायोसचा, म्हणजे विंडोजच्या आधी चालणाऱ्या बोर्डावरच्या सेटिंगचा पडदा येईल. तिथेच अर्धा तास राहू द्या आणि चहा घेऊन या. परत येईपर्यंत मशीन बंद पडलेलं असेल, तर विंडोजचा काडीचा संबंध नाही, कारण ते अजून सुरूच झालेलं नाही. मग संशय गरमीवर, एसएमपीएसवर (सीपीयूला वीज पुरवणारा आतला डबा) किंवा बोर्डावर. बंद पडलं नाही, तर मात्र अजून काहीच सिद्ध झालं नाही. बायोसमध्ये मशीनवर कामाचा भार नसतो.

दुसरी चाचणी लिनक्स मिंटची, म्हणजे विंडोजच्या जागी चालणाऱ्या दुसऱ्या सिस्टमची. आठ जीबीचा पेनड्राइव्ह घ्या (त्यावरचं सगळं पुसलं जातं, आधी काढून ठेवा), रुफस नावाच्या छोट्या सॉफ्टवेअरने त्यावर मिंट चढवा आणि मशीन पेनड्राइव्हवरून सुरू करा. काहीही इन्स्टॉल न करता ते चालतं. तासभर ब्राउझर, व्हिडिओ, टायपिंग, जे रोज करता ते करा. इथेही तोच त्रास झाला, तर बिघाड यंत्रात. इथे सगळं सुरळीत चाललं, तर लोक लगेच म्हणतात, म्हणजे विंडोजच खराब. थांबा. मिंट पेनड्राइव्हवरून चालतंय, हार्डडिस्कला ते हातही लावत नाही. त्यामुळे संशयित दोन उरतात, विंडोज आणि डिस्क. माझ्या टेबलावर त्यातली डिस्कच जास्त वेळा सापडते.

डिस्क

क्रिस्टलडिस्कइन्फो हे नाव पाठ करा. एका जपानी माणसाने बनवलेलं आहे, फुकट आहे. इन्स्टॉल करायचं नसेल तर झिपमधली आवृत्ती घ्या, पेनड्राइव्हवर पडून राहते. उतरवताना कार्टूनमधल्या मुलीचं चित्र असलेली आवृत्ती दिसली तर बिचकू नका, तीही खरीच आहे. बिचकायचं ते जाहिरातीतल्या मोठ्या हिरव्या डाउनलोडच्या बटणाला.

उघडलं की डाव्या कोपऱ्यात रंगीत चौकोन दिसतो. निळा म्हणजे गुड, पिवळा म्हणजे कॉशन, लाल म्हणजे बॅड. पुष्कळ जण इथेच थांबतात. खरी गोष्ट खालच्या तक्त्यात आहे. त्यात चार ओळी शोधा.

०५ ही ओळ खराब होऊन बदललेल्या सेक्टरांची. डिस्कजवळ थोडी राखीव जागा असते. एखादा तुकडा खराब झाला की ती तिथला मजकूर राखीव जागेत हलवते आणि इथे एक आकडा वाढवते. सी५ म्हणजे जे तुकडे वाचताना अडचण आली पण ज्यांचा निकाल अजून लागलेला नाही ते. मला सगळ्यात जास्त भीती याचीच. सी६ म्हणजे वाचताच न आलेले. या तिन्हींचा उजवीकडचा रॉ व्हॅल्यूचा आकडा शून्य असावा. आणि चौथी ओळ सी७. हा आकडा वाढला असेल तर डिस्क बहुतेक ठीक असते, दोष साटा केबलचा, म्हणजे डिस्क बोर्डाला जोडणाऱ्या वायरचा. शंभर-दीडशेची केबल बदलायची सोडून लोकांनी नवी डिस्क घेतलेली मी पाहिली आहे.

एक फसगत सांगून ठेवते. तो रॉ आकडा आपल्या रोजच्या दहाच्या हिशोबात नसतो, सोळाच्या हिशोबात असतो. तिथे १० दिसलं तर ते सोळा असतं. फंक्शनच्या मेनूत अ‍ॅडव्हान्स्ड फीचरमध्ये रॉ व्हॅल्यूज आहे, तिथे दहाचा हिशोब निवडता येतो. मी पहिल्या वर्षी हे न कळता एका गिऱ्हाइकाला डिस्क किती तास चालली ते भलतंच सांगितलं होतं.

आकडा एकदा बघून निकाल देऊ नका. आज ०५ मध्ये आठ आहे, आठ दिवसांनी पुन्हा बघितलं तरी आठच आहे, तर ती डिस्क सांभाळून वापरता येते. आज आठ आणि परवा चाळीस, तर तिचे दिवस भरले. मी सीपीयूच्या आतल्या पत्र्यावर मार्करने तारीख आणि आकडा लिहून ठेवते. वही हरवते, पत्रा कुठे जात नाही.

आणि सगळे आकडे शून्य असले तरी निर्धास्त होऊ नका. २००७ मध्ये गूगलच्या लोकांनी आपल्याकडच्या एक लाखाहून जास्त डिस्कांचा अभ्यास छापला. त्यात मेलेल्या डिस्कांपैकी निम्म्याहून जास्त, ५६ टक्क्यांवर डिस्कांनी त्यांनी धरलेल्या मुख्य चार खुणांपैकी एकही दाखवली नव्हती. म्हणजे आकडा वाढला तर धोका खरा, पण आकडा शून्य म्हणजे हमी नाही. एसएसडीचं, म्हणजे फिरती चकती नसलेल्या चिपच्या डिस्कचं, तर आणखी वेगळं. तिथे तक्त्यात टक्के दिसतात, किती आयुष्य उरलं त्याचे, पण स्वस्तातली एसएसडी ९८ टक्के दाखवत असताना एका सकाळी बायोसमध्ये दिसेनाशी होते.

आता माझी चूक. शेजारच्या गावचे एक निवृत्त गुरुजी डिस्क घेऊन आले. शाळेचे पंधरा-वीस वर्षांचे फोटो, गॅदरिंग, सहली, पोरांचे ग्रुप फोटो. सी५ मध्ये दोनशेच्या वर आकडा होता. मी हुशारी केली आणि चेकडिस्क लावली, तीही स्लॅश आर देऊन. या हुकमाने विंडोज डिस्कचा कोपरा न् कोपरा वाचून काढतं आणि खराब जागा पुन्हा पुन्हा वाचून बघतं. मरायला टेकलेल्या डिस्कला एवढी मेहनत सोसत नाही. रात्री लावून घरी गेले. सकाळी शटर उघडलं तेव्हा आतून बारीक टक, टक, टक असा आवाज येत होता, आणि पडद्यावरचा टक्का एकाच जागी थांबलेला. ती डिस्क नंतर कधीच दिसली नाही. गुरुजी म्हणाले, "जाऊ दे बाई, पोरं तं मोठे झाले आता." त्यांनी रागावून घेतलं असतं तर बरं झालं असतं.

म्हणून सी५ किंवा सी६ मध्ये आकडा दिसला की आधी मजकूर दुसरीकडे उतरवा. अगदी महत्त्वाचं असेल ते सगळ्यात आधी, गाणी-सिनेमे शेवटी. कॉपी अडकत असेल तर लिनक्समध्ये डीडीरेस्क्यू नावाचं साधन आहे. ते आधी सहज वाचता येणारा भाग उचलतं आणि अवघड जागा शेवटी ठेवतं. चेकडिस्क त्यानंतर, आणि खरं सांगायचं तर तोवर तिची गरजच उरत नाही.

रॅम

रॅमच्या बिघाडाची एक ओळख आहे. निळ्या पडद्यावर दर वेळी कारण वेगळं येतं. आज एक, उद्या दुसरं, कधी ब्राउझर आपोआप बंद, कधी विंडोज इन्स्टॉल होता होता फाइल खराब असल्याचं सांगतं. एकच कारण आणि एकच फाइल पुन्हा पुन्हा येत असेल, तर आधी ड्रायव्हर बघा.

विंडोजमध्येच तपासणी आहे. स्टार्टमध्ये मेमरी टाइप करा, विंडोज मेमरी डायग्नोस्टिक येईल. ते मशीन पुन्हा सुरू करून तपासतं. चालू असताना एफ-१ दाबलं की एक्स्टेंडेड निवडता येतं; साधीवर खराब पट्टी निसटू शकते. निकाल कधी कधी पडद्यावर दिसतच नाही. तो इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, म्हणजे विंडोजच्या नोंदवहीत, विंडोज लॉग्जच्या सिस्टममध्ये मेमरी डायग्नोस्टिक्स रिझल्ट्स या नावाने सापडतो.

माझा जास्त विश्वास मेमटेस्ट८६प्लसवर. पेनड्राइव्हवरून सुरू होतं, विंडोज लागतच नाही. नव्या मशीनवर सिक्युअर बूट बंद करावं लागू शकतं. संध्याकाळी लावायचं, सकाळी बघायचं. एक फेरी पूर्ण झाली म्हणून उठू नका, चार फेऱ्या होऊ द्या. लाल ओळ एकही आली तर ती एकच पुरे आहे. रॅममध्ये थोडीशी चूक चालून जाते असं काही नसतं.

लाल ओळ आली म्हणून पट्टी लगेच फेकू नका. आपल्याकडे मार्च ते जून कुलर चालतो, आणि पीसी नेमका त्याच्या समोर मांडलेला असतो, माणसाला हवा लागते म्हणून. वाळ्याच्या ताट्यांतून आलेली ती ओली हवा दिवसभर सीपीयूच्या जाळीतून आत जाते. त्यातून रॅमच्या सोनेरी दातांवर काळपट थर बसतो. प्लग काढा, पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून आतली उरलेली वीज जिरवा, पट्टी काढा, पोराच्या कंपासमधलं पांढरं खोडरबर त्या दातांवर हलक्या हाताने फिरवा, चुरा झटका आणि पुन्हा नीट बसवा, दोन्ही बाजूंनी टक आवाज येईपर्यंत. मग पुन्हा मेमटेस्ट. दोन पट्ट्या असतील तर एकेक लावून तपासा. आणि एकच पट्टी दोन्ही खाचांत लावून बघा, कारण कधी पट्टी शहाणी असते आणि खाच खराब. त्या जिनिंगच्या पीसीचं मी हेच आधी केलं होतं, पण त्याची पट्टी खरोखरच गेलेली होती.

गरमी, आणि कापूस

मशीन भाराखाली बंद पडत असेल किंवा दुपारीच हळू होत असेल तर एचडब्ल्यूइन्फो हे आतलं तापमान दाखवणारं सॉफ्टवेअर लावा, सुरू करताना सेन्सर्स ओन्ली वर टिक करा. भली मोठी यादी येते. सीपीयूच्या तापमानाच्या ओळीपर्यंत खाली जा आणि चालू आकड्यापेक्षा मॅक्सिममचा रकाना बघा. मशीन तसंच चालू ठेवून तासभर नेहमीचं काम करा, मग या. इंटेलच्या बऱ्याच प्रोसेसरांची कमाल मर्यादा १०० अंशांच्या आसपास असते. तिथे पोचला की तो आपला वेग स्वतःच कमी करतो. त्याच यादीत थर्मल थ्रॉटलिंगसमोर येस लिहून येतं. गिऱ्हाईक म्हणतं हँग मारते, प्रोसेसर म्हणतो मला घाम फुटला.

एक गोष्ट विसरू नका. पंखा खोलीतली हवाच प्रोसेसरवर मारतो, तेव्हा प्रोसेसर खोलीपेक्षा थंड होऊ शकत नाही. बाहेर ४५ अंश आणि टिनाच्या छताखाली खोलीत ४१ असेल, तर पुण्याच्या माणसाने व्हिडिओत सांगितलेले आकडे तुमच्याकडे लागू पडत नाहीत. मी मे महिन्यात भाराखाली ८५ पर्यंत काही बोलत नाही. नव्वदच्या वर गेला तर झाकण उघडते.

झाकण उघडलं की आमच्या भागात धूळ तर निघतेच, पण खरा माल निघतो तो कापसाचा. जिनिंगजवळचा किंवा घरातच कापूस साठवलेल्याचा पीसी असेल, तर पंखा आणि त्याखालच्या अ‍ॅल्युमिनियमच्या पात्यांच्या मध्ये कापसाच्या तंतूंचा सलग थर जमलेला असतो, नखाने धरून उचलला तर रजईच्या अस्तरासारखा अख्खा निघतो. वरून पंखा जोरात फिरताना दिसतो, हवा खाली जातच नाही. नुसता ब्लोअर मारून तो थर निघत नाही, पंखा खोलावा लागतो. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा, त्याला गरगर फिरू देऊ नका. प्रोसेसरवरची पेस्ट वाळून खडूसारखी झाली असेल तर पुसून नवी लावा, तुरीच्या दाण्याएवढी पुरते.

साफ केल्यावर पुन्हा एचडब्ल्यूइन्फो. आधीचा आणि नंतरचा आकडा गिऱ्हाइकाला दाखवा, पैसे देताना घासाघीस होत नाही. मुद्दाम भार टाकून बघायचा असेल तर ओसीसीटी किंवा प्राइम९५ आहे. पण मजकूर उतरवून झाल्यावरच, सकाळच्या थंडाव्यात, आणि आकड्यावर डोळा ठेवून. ९५ दिसला की थांबवा.

लहानसहान

घड्याळ दर वेळी मागे जात असेल तर बोर्डावरचा सीआर२०३२ सेल गेला, पन्नास रुपयांच्या आतलं काम. हे इथे लिहायचं कारण, तारीख चुकली की ब्राउझर सुरक्षित वेबसाइट उघडत नाही, आणि पीक विम्याच्या गर्दीत जुलैच्या शेवटच्या आठवड्यात लोक नेटवाल्याला शिव्या घालत बसतात.

लॅपटॉपच्या बॅटरीसाठी कमांड प्रॉम्प्टमध्ये पॉवरसीएफजी, मग एक जागा सोडून स्लॅश आणि जोडून बॅटरीरिपोर्ट असं टाइप करा. फाइल कुठे ठेवली ते तोच सांगतो. त्यात डिझाइन कपॅसिटी आणि फुल चार्ज कपॅसिटी असे दोन आकडे असतात. दुसरा पहिल्याच्या निम्म्याहून खाली असेल तर चार्जर बदलून काही व्हायचं नाही.

पडद्यावर रेघा येत असतील तर दुसरा मॉनिटर जोडा. तिथेही आल्या तर ग्राफिक्स किंवा केबल, नाही आल्या तर पडदा.

वीज

सगळ्यात जास्त मी चकले ती इथे, कारण ही गोष्ट सॉफ्टवेअरला जवळजवळ दिसत नाही. बायोसमध्ये किंवा एचडब्ल्यूइन्फोमध्ये १२ व्होल्टची ओळ असते; ११.४ ते १२.६ मध्ये असावी. पण तो आकडा बोर्डावरच्या स्वस्त सेन्सरचा. खात्री करायची तर मल्टिमीटर, पिवळ्या आणि काळ्या वायरमध्ये, मशीन चालू असताना. सवय नसेल तर दुसरा चांगला एसएमपीएस लावून बघा, तेवढ्याने कळतं. एसएमपीएसचा डबा मात्र उघडू नका, प्लग काढल्यावरही आत झटका देण्याएवढी वीज असते.

इव्हेंट व्ह्यूअर तरीही उपयोगी पडतो, वेळेसाठी. सिस्टमच्या यादीत कर्नल पॉवर, क्रमांक ४१ अशी नोंद दिसते. नेटवर शोधलं की लोक म्हणतात एसएमपीएस गेला. ४१ चा अर्थ एवढाच, की मशीन नीट बंद न करता बंद झालं. आपल्याकडे लाइन गेली तरी ४१, पोराने बटण दाबलं तरी ४१. शिवाय ४१ वर जी वेळ असते ती पुन्हा सुरू झाल्याची. बंद कधी पडलं ते क्रमांक ६००८ च्या नोंदीत लिहिलेलं असतं, ती उघडून वाचा. डब्ल्यूएचईए लॉगर नावाची नोंद मात्र दिसली तर ती गंभीर, ती यंत्राने स्वतःहून केलेली तक्रार असते.

एका ग्रामपंचायतीचा पीसी असाच दोन महिने आपोआप रिस्टार्ट व्हायचा. ऑपरेटर पोरगा वैतागून गेला होता. माझ्या टेबलावर आणला की दिवसभर ठणठणीत. डिस्क शून्य, रॅम रात्रभर स्वच्छ, तापमान ७०. एसएमपीएस बदलला, परत पाठवला, दुसऱ्या दिवशी फोन, "मॅडम, झाला पुन्हा." शेवटी मीच स्कूटीवर गेले आणि ६००८ च्या सगळ्या वेळा कागदावर उतरवून काढल्या. सकाळी साडेनऊ ते अकरा, संध्याकाळी पाचनंतर. मध्ये काही नाही. आणि मंगळवारी एकही नाही, दोन महिन्यांत एकाही मंगळवारी नाही.

मी विचारलं, मंगळवारी इथे काय नसतं? पोरगा विचार करत राहिला. भिंतीपलीकडून घरघर सुरू झाली, बल्ब एकदा मंद झाला आणि आमच्या समोरचा पीसी रिस्टार्ट झाला. "मंगळवारी चक्की बंद राह्यते," तो म्हणाला.

चक्कीची मोटर सुरू होताना चालू असतानाच्या कितीतरी पट करंट ओढते, त्याच लाइनवरचा व्होल्टेज क्षणभर खाली बसतो. चांगला एसएमपीएस वीज तुटल्यावर साधारण १६ मिलिसेकंद तग धरतो. आपल्या ५० हर्ट्झच्या विजेचा एक फेराच २० मिलिसेकंदांचा. मध्ये यूपीएस होता, पण त्याची बॅटरी कधीचीच मेलेली, तो नुसता हिरवा दिवा दाखवत बसला होता. प्लग काढून बघितला असता तर पहिल्याच दिवशी कळलं असतं. आता मी कुठलाही पीसी तपासायला गेले की आधी भिंतीतला यूपीएसचा प्लग ओढते, अर्थात मशीनवर काही उघडं नसताना.

बॅटरीच्या खर्चाला मंजुरी मिळायला तीन आठवडे लागले. तोवर चक्कीवाले काका मोटरचा खटका दाबण्याआधी भिंतीवर दोनदा थाप मारून ओरडायचे, "सुरू करतो जी!" आणि इकडे पोरगा घाईघाईने सेव्ह दाबायचा.